चार अर्ज, एक अंगठा

४ फेब्रुवारी

प्रिय चिमी,

अक्षरं एवढी मोठी का काढलीस, असं विचारू नकोस. दादाने कागद वाया घालवायला घेतलाय असं समज आणि पुढे वाच. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. चौतीस वर्षं ज्या डोळ्याने कारखान्यातली भिंगं तपासली, त्या डोळ्याला आता सगळं साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. घासकाम हाताने होतं, पण काच पास की नापास हे डोळाच ठरवतो, आणि माझा ठरवणारा डोळा उजवा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्वी काचेचा कण गेला होता त्याची जखम बुबुळावर आहे, त्यामुळे साधं ऑपरेशन चालणार नाही. मोठ्या दवाखान्यात करायचं आणि तीन महिन्यांच्या आत करायचं. फार पिकला तर डोळ्यात दाब वाढतो, आणि मग गेलेली नजर परत येत नाही. सरकारी दवाखान्यात विचारलं तर नंबर पुढच्या वर्षीचा. पण आम्ही निर्धास्त होतो. कारखान्याने सगळ्यांची आरोग्य पॉलिसी काढलेली आहे. कागद भरले, पाठवले, आणि मी दवाखान्यात न्यायच्या चपला कोणत्या याचा विचार करत बसलो.

काल विमा कंपनीचं उत्तर आलं. तुझ्या वहिनीने दोनदा वाचून दाखवलं, दोन्ही वेळा तेच निघालं. माझ्या नावावर त्यांच्याच आणखी चार पॉलिसी आहेत म्हणे. त्यांत प्रकृतीबद्दल जे लिहिलंय आणि कारखान्यातून जे कळवलंय ते जुळत नाही. चौकशी होईपर्यंत पैसे मिळणार नाहीत.

चार पॉलिसी, चिमे. मी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने एक छत्री घेतली होती, तीही बसमध्ये विसरलो आणि आगारात तुझ्याच हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर सापडली.

आईची लोखंडी पेटी तुझ्याकडे आहे. त्यात माझे काही जुने कागद असतील तर बघ, मी कधी कशावर सही केली होती का. फोन करू नकोस. तुझ्या मागे आगारातल्या बस ओरडतात, त्यांच्यावर तू ओरडतेस, आणि मला काही कळत नाही.

तुझा,
दादा


१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र खिडकीवरच वाचलं. समोर एक बाई हरवलेल्या कुकरच्या झाकणासाठी उभी होती, तिला तीनदा ‘थांबा’ म्हटलं. डोळ्याचं एवढं झालं आणि तू मला आत्ता सांगतोस? चपलांचा विचार करत बसलास म्हणे. चपला मी आणून देईन, तू डोळ्याचा विचार कर.

पेटी पालथी घातली. तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं निघाली, गणित बघून आईने तुला काच घासायला का पाठवलं ते कळलं. पॉलिसीचा कागद एकही नाही.

माझं ऐकशील तर तू फार खोलात शिरू नकोस. अर्जबिर्ज मागत बसलास की ही माणसं आणखी दहा कागद काढतात. चूक त्यांची आहे, त्यांनाच निस्तरू दे. असल्या एजंटांचा काही भरवसा नसतो, हसून हसून बोलतात आणि माणसाला कुठल्या कुठे नेऊन ठेवतात. तू फक्त ‘मला काही माहीत नाही’ एवढं म्हणत राहा. खरंच तर आहे ते.

पैशाचं म्हणशील तर माझ्याजवळ थोडे आहेत. नाही म्हणू नकोस, आधीच सांगते.

रोज कोमट पाण्याने डोळा पुसतोस ना? वहिनीला नमस्कार.

चिमी


१९ फेब्रुवारी

चिमे,

तुझं ऐकलं नाही. अर्ज मागितले. तुझे पैसे मात्र तुझ्याजवळच ठेव. तेवढ्या पैशांत दवाखान्याचा जिनाही चढून होणार नाही.

चौकशीचं काम एका चाळिशीच्या अधिकारीबाईंकडे आहे. चष्मा जाड, आणि डाव्या काचेचा मध्य चुकलेला. त्या बोलत होत्या आणि माझं सगळं लक्ष त्या काचेवर. शेवटी राहवलं नाही, म्हटलं, “मॅडम, संध्याकाळी तुमचं डोकं दुखत असणार.” त्या म्हणाल्या, “दुखतं ना काका. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात.” तरी नंतर त्यांनी चष्मा काढून दोन वेळा बघितला.

अर्जांच्या नकला वाचून तुझी वहिनी आधी हसली, मग भडकली. एका अर्जात मी सहा फूट उंच आहे. दुसऱ्यात माझी हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. तिसऱ्यात मी मासेमारी करतो. चौथ्यात मी अविवाहित आहे. वहिनी म्हणाली, “मग ही तीस वर्षं तुमच्या घरात कपडे कोणाचं भूत वाळत घालतंय?” दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी हे चारही अर्ज भरलेत. चारही पॉलिसींचा पहिला हप्ता भरला, पुढचा एकही नाही. बाई म्हणाल्या, असे प्रकार होतात. एजंटला माणशी नाही, पॉलिसीमागे कमिशन मिळतं. त्या वर्षी जास्त पॉलिसी काढणाऱ्याला बक्षीसही होतं.

प्रत्येक अर्जावर सही आणि तिच्याशेजारी अंगठा. सही माझ्यासारखी आहे, पण भीत भीत काढलेली. अंगठा मात्र ठसठशीत. बाईंनी माझा अंगठा मशीनवर ठेवायला लावला. एकदा ठेवला, पुसून ठेवला, ओल्या फडक्याने पुसून ठेवला. लाल दिवाच. तुला आणि मला हे काही नवीन नाही. एवढी वर्षं काचेवर एमरीची खरखरीत पूड घासून काचेबरोबर बोटंही गुळगुळीत झाली.

बाई खूष झाल्या. म्हणाल्या, “काका, सुटलात तुम्ही. एवढंच लिहून द्या की हा अंगठा तुमचा नाही. आम्ही ठसा पोलिसांकडे देतो. ज्याचा निघेल त्याच्यावर गुन्हा, आणि तुमचे पैसे पंधरा दिवसांत मोकळे.” दहा मार्चपर्यंत लिहून द्यायचंय.

नकला घरी आणून तपासणीच्या भिंगाखाली धरल्या, डाव्या डोळ्याने. रेघ न रेघ उमटलीय. पण कोणाचा अंगठा ते काही कळत नाही.

बाकी ठीक. तुझ्या अंगठ्याला थंडीत अजून ठणका लागतो का? सहज आठवलं.

दादा


२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

अंगठा बरा आहे. थंडी संपली आता.

लिहून द्यायचं तर देऊन टाक, वाट कसली बघतोस? डोळ्यापेक्षा काही मोठं नाही. ज्याचा अंगठा असेल त्याला भोगू दे की.

इकडे खिडकीवर फार काम आहे. या आठवड्यात तीन छत्र्या, एक कवळी आणि एक तबला आला. तबल्याचा जोडीदार कुठे गेला कोण जाणे. जास्त लिहीत नाही.

चिमी


४ मार्च

वन्सं,

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे समजून घ्या. हे मी ह्यांच्या नकळत लिहितेय.

सोमवारी ह्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. पुरा ओतून झाल्यावर कप उचलला, तेव्हा कळलं. मंगळवारी कारखान्यातून ह्यांनी पास केलेला भिंगांचा अख्खा ट्रे परत आला. आजवर असं कधी झालेलं नाही. मुकादमाने ह्यांना पॅकिंगच्या टेबलावर बसवलंय. तुम्हाला ह्यातलं काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय.

आणि आता म्हणतात, कंपनीला लिहून देणार नाही. का, तर म्हणे अंगठा माझाच असेल. मी म्हटलं, लग्नाच्या नोंदणीपासून बघतेय, तुमच्या अंगठ्याने कागदावर नुसता डाग पडतो. तर तो कागद काढतात, भिंग लावतात, बघत बसतात. काल तर चक्क हसले.

तुमच्या दोघांत काहीतरी शिजतंय. लहानपणापासून तुम्ही दोघं असेच आहात असं सासूबाई सांगायच्या, एकाने काच फोडायची आणि दोघांनी तोंड शिवून बसायचं. मला तुमचं गुपित नको. मला ह्यांचा डोळा हवाय. तुमचं ऐकतात, तुम्ही समजवा.

वहिनी


९ मार्च

चिमे,

एक चांगली बातमी. कंपनीत जाऊन आलो आणि प्रकरण मिटवून टाकलं. कसं मिटवलं ते विचारू नकोस, कंटाळवाणं आहे. डोक्याचा ताप गेला.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, एका डोळ्यावर भागतं का. त्या म्हणाल्या, पुष्कळांचं भागतं. डावा डोळा इतकी वर्षं बसून खात होता, आता करू दे की थोडं काम. पॅकिंगला बसायला मिळतं, खिडकीजवळ जागा आहे, आणि कापूस लावून भिंगं डब्यात ठेवायची एवढंच. वजनाने कळतात मला, बघावी लागत नाहीत.

या विषयावर आता लिहायचं नाही. तबल्याचा जोडीदार सापडला का ते कळव.

दादा


१० मार्च

दादा,

हे पत्र पुरं वाच. मध्ये थांबून वहिनीला हाक मारू नकोस.

अंगठा माझा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका माणसाची तपकिरी बॅग बसमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी तो खिडकीवर आला. विम्याचा एजंट होता, कायम हसतमुख. मी त्याला मनात ‘हसरा’च म्हणायची. मग येताजाता थांबायला लागला. माझ्याशी खिडकीवर कोणी दोन मिनिटं बोलत नाही, दादा. सगळे आपली वस्तू घेतात आणि जातात. हा थांबायचा, विचारायचा, ताई, जेवलात का. तुझी साठी जवळ आली होती. मनात आलं, माझा भाऊ काचेत बोटं झिजवतोय, त्याच्या नावावर काहीतरी असावं. साठीला पाकीट हातात ठेवावं आणि तुझं तोंड बघावं. हसऱ्याला म्हटलं, एक पॉलिसी काढायची आहे. वर्षाचे पैसे एकदम दिले. पेटीतून तुझे कागद काढून त्यांच्या नकला दिल्या. म्हणजे पेटीबद्दलही मी तुझ्याशी खोटं बोलले.

तो म्हणाला, सही मी त्यांच्या गावी जाऊन घेईन, अंगठा कसा घ्यायचा? मी त्याला आपली गंमत सांगितली. आठवतं, टेलिफोन घेताना तुझा अंगठा उमटेना, मागे ही रांग, आणि कारकून वैतागून म्हणाला कोणाचा तरी लावा पण लावा? मी तुझ्या शेजारून हात घालून माझा लावला होता आणि आपण जिन्यावर येऊन हसत बसलो होतो. मग नळाच्या अर्जावर लावला, घराचं नाव बदलताना लावला. दादाचा अंगठा म्हणजे चिमीचा अंगठा, हे आपल्या घरात ठरूनच गेलं होतं. मला त्यात काही वाटेनासंच झालं होतं. हसरा म्हणाला, मग लावा की ताई नेहमीसारखा, एकाच अर्जाच्या चार प्रती आहेत. चारही कोऱ्या होत्या. मी लावला.

पुन्हा तो आलाच नाही. साठी झाली, पाकीट नाही. मला वाटलं, पैसे घेऊन पळाला. मी इतकी शहाणी, दिवसभर लोकांना सांगते सामान सांभाळा म्हणून, आणि मीच फसले. लाज वाटली आणि गप्प बसले. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला हसरा आठवला. एका वर्षाच्या पैशात त्याने चार पहिले हप्ते भरले, एवढं गणित मलाही येतं. तरी तुला लिहिलं की अर्ज मागू नकोस. तुझा डोळा जात होता आणि मी माझी अब्रू झाकत होते. हे मी स्वतःला माफ करणार नाही, तूही करू नकोस.

वहिनीचं पत्र आलं. तिला रागावू नकोस. तिने चहाचं लिहिलंय.

आता मी काय केलं ते ऐक. ज्या दिवशी त्याची बॅग आली त्या दिवसाची आमची नोंदवही काढली. आमच्याकडे नियम आहे, बॅग उघडून आतली एकेक वस्तू लिहायची आणि कागदपत्रं असतील तर त्यावरची नावंही लिहायची. माझ्याच अक्षरात आहे: डबा एक, मोजे, शिक्क्याचं पॅड, आठ जणांच्या ओळखपत्रांच्या नकला, सही व अंगठा असलेले कोरे अर्ज बारा. खाली बॅग मिळाल्याची त्याची सही. मी बारा कोरे अर्ज मोजले, लिहिले, आणि मला एवढंही सुचलं नाही की कोऱ्या अर्जावर आधीच सही कशाला?

त्या आठही जणांना शोधलं. पत्ते नव्हते, पण आगारातल्या वाहकांना गावातला माणूस न् माणूस ठाऊक. सहा जण भेटले. एक पाव भाजणारी, एक न्हावी, दोघी शिवणकाम करणाऱ्या बहिणी, एक ट्रकवाला आणि एक निवृत्त मास्तर. मास्तरांच्या नावावर सात पॉलिसी निघाल्या, त्यातल्या एकीत ते गरोदर आहेत. काल आम्ही सगळे कंपनीच्या इथल्या शाखेत गेलो. मी जबाब दिला. त्यांनी माझा अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला, पहिल्या फटक्यात हिरवा दिवा लागला. कागद तुझ्या जाड चष्मेवाल्या बाईंकडे पाठवलेत.

गुन्हा माझ्यावर झाला तर होऊ दे. मुदत टळली तरी तू लिहून दे की अंगठा तुझा नाही. आता त्याने माझं काही बिघडत नाही, मी सांगून बसलेय.

चिमी


१९ मार्च

चिमे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कंपनीतून निरोप आला, ताबडतोब या. गेलो. बाईंच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एक तुझा जबाब. दुसरा माझा, नऊ तारखेला दिलेला. त्यात मी लिहिलं होतं, ‘सदर अंगठा माझाच आहे, मी विसरलो होतो, तक्रार नाही.’

बाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, “काका, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत हे मी स्वतः बघितलंय. निदान पटेल असं खोटं बोलायचं होतं.” मी म्हटलं, सवय नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीलाही नाही. चार पानांच्या जबाबात पावणेचार पानं स्वतःच्या विरोधात लिहिली आहेत.”

आता माझंही ऐक. अंगठा तुझा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी आयुष्यभर काचेवरचे ओरखडे शोधण्याचा पगार घेतलाय. त्या ठशात मधोमध एक आडवी रेघ आहे, डावीकडे जरा वर चढलेली. ती मी ओळखणार नाही तर कोण? बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडताना झाकण तुला धरायला लावलं होतं आणि जोर मी केला होता. तू सात वर्षांची होतीस. आईने विचारलं कोणी केलं, तर रक्त टपकत असताना तू म्हणालीस, माझं मीच. मी तिथेच उभा होतो आणि बोललो नाही. पन्नास वर्षं झाली, अजून बोललेलो नाही. म्हणून ठरवलं होतं, या वेळी आपण म्हणावं, माझं मीच. तुझं पहिलं पत्र आठवूनही खात्री पटलीच होती. मी एजंटाचं नाव काढलं नव्हतं, तू त्याला हसतानाही पाहिलेलं होतंस.

मला वाटत होतं, तू आपण होऊन सांगशील. पंचवीस तारखेचं तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, नाही सांगणार, आणि नाही सांगितलंस तरी चालेल. एका डोळ्याने बहीण दिसते. नऊ तारखेचं पत्र टाकताना मला खरंच हलकं वाटलं होतं. वहिनीला हे वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा ती इथे थांबली आणि स्वयंपाकघरात गेली. परत येऊन म्हणाली, “दोघंही वेडे आहात,” आणि पुढे वाचलं.

माफीचं काढू नकोस. टेलिफोनच्या अर्जावर तू अंगठा लावलास तेव्हा जिन्यावर जास्त मीच हसलो होतो.

बाईंनी सांगितलं ते असं. तुझी नोंदवही आणि तुम्हा सगळ्यांचे जबाब यामुळे हसऱ्याचं एजंटपण काढून घेतलंय, आणि तक्रार त्याच्याविरुद्ध पोलिसांत गेलीय. तू साक्षीदार आहेस. तुला लेखी समज मिळेल, ती निमूट घे. चारही पॉलिसी रद्द. मासेमारीला आता मी जाणार नाही. माझे पैसे मोकळे झाले आणि दवाखान्याने तारीख दिलीय, चौदा एप्रिल.

दादा


२ एप्रिल

प्रिय दादा,

समज आली. घेतली, निमूट घेतली. वर आगारप्रमुखांनीही मेमो दिला, न विचारता नोंदवहीची नक्कल बाहेर दिली म्हणून. मेमो हातात देऊन म्हणाले, “हे झालं कामाचं. आता चहा घेऊन जा.” पंचवीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली.

पावभट्टीवाल्या बाई रोज खिडकीवर पाव ठेवून जातात. मास्तर येतात, थांबतात, गप्पा मारतात. आपण गरोदर होतो हे ते सगळ्यांना सांगत सुटलेत. तबल्याचा जोडीदार त्यांनीच ओळखला, तो त्यांच्या शेजाऱ्याचा निघाला.

डब्याचं मी विसरूनही गेले होते. खरंच. मला वाटायचं, माझं मीच केलं.

तेरा तारखेला रजा टाकलीय. पहिल्या बसने निघते. चपला आणते.

चिमी


२६ एप्रिल

प्रिय चिमी,

अक्षराकडे बघ. एका ओळीत किती शब्द मावलेत ते मोज आणि मग मला उत्तर लिही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी संरक्षक चष्माही निघाला. आता उजव्या डोळ्याला सगळं इतकं स्वच्छ दिसतं की डाव्या डोळ्याची कीव येते. घरातल्या भिंतींचा रंग पिवळा आहे असं मी तीन वर्षं समजत होतो, तो पांढरा आहे. तुझ्या वहिनीकडे बराच वेळ बघत होतो तर म्हणाली, “काय बघताय?” म्हटलं, अविवाहित माणूस आहे, बघणारच. त्यावर काय मिळालं ते लिहीत नाही.

सोमवारपासून कामावर जातोय. मुकादमाने तपासणीच्या टेबलावरचं माझं फडकं कोणाला हलवू दिलं नव्हतं, जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. पहिलं भिंग घासलं ते जाड चष्मेवाल्या बाईंचं, डाव्या डोळ्याचं, मध्य बरोबर साधून. द्यायला गेलो तर फुकट घेईनात. पावती मागितली, नियमाने पैसे दिले आणि मग चष्मा घातला. भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “काका, ते समोरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.”

त्यांनीच एक फॉर्म दिला. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत अशा लोकांसाठी वेगळा फॉर्म असतो, चिमे. काच घासणारे, वीटभट्टीवाले, भांडी घासणारे, अशी कितीतरी माणसं आहेत म्हणे. एकदा भरून दिला की पुढे कुठेही सहीवर भागतं. पंधरा वर्षांपासून हा फॉर्म आहे. आपल्याला कोणी सांगितलं नाही, आणि आपण तरी कुठे विचारलं? आपलं हसण्यावर भागत होतं.

तो फॉर्म सोबत पाठवतोय. खाली दोन चौकोन आहेत. डाव्यात मी अंगठा लावलाय. निळा डाग दिसतोय तो मी, शाई सांडलेली नाही. उजवा चौकोन साक्षीदाराचा आहे. अर्जदाराला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाने तिथे अंगठा लावायचा. वर नाव मी घातलंय, तुझं, पूर्ण. कितीतरी अर्जांवर तू माझ्या नावाने अंगठा लावलास. हा तुझ्या नावाने लाव.

जोराने दाब, ती आडवी रेघ नीट उमटली पाहिजे. आणि खिडकीवरचं पॅड सुकलेलं असतं, आधी थोडी शाई घाल.

तुझा,
दादा